नाव मिळाले मादीमुळे

बहुतेक पक्ष्यांची ओळख नराच्या रंगांवरून करून दिली जाते. मादी ‘थोडी फिकट’ एवढ्यावर संपते. आफ्रिकेतल्या एका इवल्याशा पक्ष्याच्या बाबतीत मात्र उलटे आहे. मादीच्या हनुवटीखाली विटकरी रंगाचा ठिपका असतो, आणि त्यावरूनच इंग्रजीत त्याचे नाव पडले चिनस्पॉट बॅटिस.

केनिया-टांझानियापासून झांबिया, झिंबाब्वे आणि दक्षिण आफ्रिकेपर्यंत हा पक्षी आढळतो. पानगळीची मिओम्बो जंगले आणि बाभळीसारख्या काटेरी झाडांची राने त्याला आवडतात. लांबी १२ ते १३ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीहूनही लहान. डोके व पाठ राखाडी, डोळ्यांवरून काळी पट्टी, डोळे पिवळेधमक आणि शेपूट आखूड. नराचा गळा पांढरा व छातीवर काळा पट्टा. मादीचा पट्टा विटकरी आणि वर तो ठिपका.

ओळखताना घोटाळा होतो तो नराबाबत. मोझांबिकच्या किनारी भागात राहणाऱ्या फिकट बॅटिसचा नर जवळजवळ असाच दिसतो. म्हणून एकटा नर दिसला की लगेच नाव ठरवू नये, थोडे थांबावे. हे पक्षी सहसा जोडीने फिरतात, त्यामुळे मादी जवळपासच असते. तिचा ठसठशीत ठिपका दिसला की शंका कमी होते. शिवाय कान द्यावेत: पायऱ्या उतरावेत तसे एकाखाली एक उतरणारे तीन संथ सूर ऐकू आले, तर ओळख पक्की.

संसारातही दोघांची साथ आहे. वनस्पतींचे तंतू कोळ्याच्या जाळ्याने बांधून केलेले घरटे लहान वाटीएवढे असते. बाहेरून दगडफूल चिकटवल्यामुळे ते फांदीचीच गाठ वाटते. मादी साधारण १६ ते १८ दिवस अंडी उबवते. त्या काळात नर किडे आणून तिला भरवतो. एवढे करूनही कधी क्लास कोकीळ त्यात आपले अंडे टाकून जाते!

आज हा पक्षी धोक्यात नाही. पण कोळशासाठी मिओम्बोची झाडे तुटत आहेत, आणि दगडफूल, जाळी व किडे त्याला याच झाडांवर मिळतात. पक्षी ओळखायचा तर त्याची जोडीदारीण आणि त्याचे झाड, दोन्ही ओळखावी लागतात.