हिमवंताच्या औषधिभूमीत : पुष्पघाटी, हेमकुंड व माणा

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात श्रेष्ठ भावांची गणना करताना औषधिभूमींमध्ये हिमालयाला अग्रस्थान दिले आहे. संहितेचा आरंभही तेथेच होतो. रोगांनी त्रस्त झालेल्या प्राणिमात्रांच्या कल्याणासाठी ऋषी हिमवंताच्या पार्श्वभागी एकत्र जमले आणि भरद्वाजांना इंद्राकडे पाठविते झाले, ही कथा आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत मुखोद्गत केली. परंतु रत्नागिरीसारख्या सागरतीरावरील नगरात चिकित्सा करणाऱ्या वैद्याचा हिमालयाशी नित्य संबंध येतो तो औषधी कपाटातील बरण्यांपुरताच. कुटकी, अतिविषा, जटामांसी, तालीसपत्र, शिलाजतु ही सारी द्रव्ये आपल्यापर्यंत शुष्क, चूर्णित आणि बहुधा अनामिक होऊनच पोहोचतात. आरोग्यवर्धिनीच्या पाठात कुटकी ही अन्य सर्व द्रव्यांच्या एकत्रित वजनाइतकी आहे; म्हणजे यकृद्विकाराच्या रुग्णाच्या हातावर आपण जी गोळी ठेवतो, तिचा निम्मा भाग हिमालय असतो. ती कुटकी जमिनीतून वर येताना कशी दिसते, हे आमच्यापैकी कोणीही पाहिलेले नव्हते. त्या एका उद्देशाने आम्ही काही वैद्यमंडळी २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात मंगला एक्स्प्रेसने निघालो.

निजामुद्दीनहून हरिद्वार, हृषीकेश आणि पुढे अलकनंदेच्या काठाकाठाने जोशीमठ असा हा मार्ग आहे. देवप्रयागी भागीरथी व अलकनंदा यांचा संगम होऊन गंगा हे नाव प्रथम उच्चारले जाते. पुढे रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग आणि जोशीमठाच्या पायथ्याशी विष्णुप्रयाग. पावसाळ्यात हा रस्ता दरडींमुळे वारंवार अडतो. आंबा घाटातून कोल्हापूर गाठणाऱ्यांना दरडींचे नवल नसावे, तथापि येथील दरडीचा विस्तार पाहून आम्ही मुकाट्याने गाडीतच बसून राहिलो.

जोशीमठाला आता ज्योतिर्मठ हे प्राचीन नाव अधिकृतपणे परत मिळाले आहे. आद्य शंकराचार्यांच्या पीठामुळे पुण्यभूमी ठरलेल्या या गावात नृसिंहाचे मंदिर आहे आणि जिला कल्पवृक्ष म्हणून पूजतात अशी एक पुरातन तुती आहे. जानेवारी २०२३ मध्ये येथील शेकडो घरांना तडे गेले आणि कुटुंबांना घरे सोडावी लागली. हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले असून येथे अवजड बांधकाम होऊ नये, असा इशारा मिश्रा समितीने १९७६ मध्येच दिला होता. निदान झाले होते, पथ्य पाळले गेले नाही, असेच वैद्याच्या भाषेत म्हणावे लागेल.

जोशीमठापासून नीती खोऱ्यात द्रोणागिरी नावाचे गाव आहे. आम्ही तेथे गेलो नाही, परंतु त्याची कथा प्रत्येक वैद्याने ऐकावी अशी आहे. लक्ष्मणासाठी संजीवनी नेण्यास हनुमंत आला आणि पर्वताचा भागच उचलून घेऊन गेला, हा प्रसंग आपल्याकडे भक्तीने गायिला जातो. द्रोणागिरीचे ग्रामस्थ मात्र हनुमंताची पूजा करीत नाहीत. तो पर्वत त्यांचे दैवत. तो न विचारता नेला, हा राग त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. रामायणात मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सावर्ण्यकरणी व संधानकरणी अशा चार औषधी सांगितल्या आहेत. चार वनस्पती हव्या होत्या, नेला गेला डोंगर. आजच्या जडीबुटी व्यापाराकडे पाहिले असता ही तक्रार केवळ पुराणातली वाटत नाही.

गोविंदघाटापासून खरी पदयात्रा सुरू होते. पूर्वी घांघरियापर्यंतची सुमारे तेरा किलोमीटरची वाट पूर्ण चालावी लागे. आता पुलना गावापर्यंत वाहन जाते. जून २०१३ च्या महापुरात गोविंदघाट व भ्यूंडार खोऱ्याची अपरिमित हानी झाली, त्याच्या खुणा नदीपात्रातील प्रचंड शिळांवरून अद्याप ओळखू येतात. चढ आरंभी सौम्य, नंतर दमछाक करणारा. अक्रोड मागे पडतात आणि उंच, काळसर सूचिपर्णी वृक्षांचे वन लागते. ती तालीसपत्राच्या कुळातली झाडे. जवळच थुनेर नावाचा वृक्ष होता. बाजारात तालीसपत्र म्हणून पुष्कळदा याचीच पाने येतात. दोन्ही फांद्या शेजारी शेजारी पाहिल्यावर भेद सहज कळतो. चूर्णात तो कळणे दुरापास्त. तालीसादि चूर्ण आपल्याकडे पावसाळ्यात किती खपते हे सांगावयास नको.

घांघरिया सुमारे तीन हजार मीटर उंचीवर आहे. पहिला दिवस आम्ही विश्रांतीसाठीच राखला होता. आम्ही सारे समुद्रसपाटीचे रहिवासी, आणि हेमकुंडाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे साठ टक्केच उरतो. शिरःशूल, हृल्लास, अनिद्रा, अन्नद्वेष ही लक्षणे दिसताच वर जाणे थांबवावे. वाढल्यास विनाविलंब खाली उतरावे. यावर आपल्याकडील किंवा अन्य कोणत्याही पद्धतीतील औषध उतरण्याचा पर्याय होऊ शकत नाही, हे वैद्यानेच ठामपणे सांगितले पाहिजे. हृद्रोगी व अनियंत्रित रक्तदाबाच्या रुग्णांना आपण तीर्थयात्रेची अनुमती देताना हा विचार करावा.

पुष्पघाटीची कीर्ती जगभर पोहोचली ती फ्रँक स्माइद या गिर्यारोहकामुळे. १९३१ मध्ये कामेट शिखर सर करून परतताना स्माइद व त्याचे सहकारी या खोऱ्यात उतरले. तो १९३७ मध्ये पुन्हा आला व त्याने त्यावर ग्रंथ लिहिला. १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग ही इंग्रज स्त्री वनस्पती गोळा करण्यासाठी आली असता कड्यावरून घसरून मरण पावली. तिची समाधी घाटीतच आहे. वनस्पतीच्या ओळखीसाठी प्राण वेचणाऱ्या त्या विदुषीपुढे आम्ही काही क्षण उभे राहिलो. १९८२ मध्ये हे खोरे राष्ट्रीय उद्यान झाले व २००५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. आत मुक्काम करता येत नाही. पान तोडण्यासही मनाई आहे.

आत शिरताच प्रथम भेटला तो तेरडा. श्रावण-भाद्रपदात आपल्या कोकणात गौर म्हणून ज्याला घरी आणतो त्याचाच हा हिमालयीन भाऊबंद, पुरुषभर उंच आणि गुलाबी. पुढे भूर्जवृक्षांची कागदासारखी सुटणारी साल. सावलीत मेदा होती, गाठी-गाठीवर पानांची चक्रे धारण केलेली. अष्टवर्गातील एक द्रव्य, ज्याचे नाव च्यवनप्राशाच्या पाठात आपण यंत्रवत उच्चारतो, ते डोळ्यांसमोर डोलत होते. थोडे पुढे ओलसर गवतात सालमपंजा. त्याचा कंद तळहातासारखा असतो आणि त्या कंदाच्या लोभानेच तो अन्यत्र दुर्मिळ झाला.

आमचा वाटाड्या भ्यूंडार गावचा होता. त्याला ना लॅटिन नावे ठाऊक, ना संस्कृत; पण तो अतीस आणि मीठा यांतील भेद दहा पावलांवरून सांगे. अतीस म्हणजे आपली अतिविषा : वरची पाने देठाविना खोडाला आलिंगन देणारी, फुले हिरवट-निळी आणि जांभळ्या शिरांची. मीठा हा वत्सनाभाच्या वर्गातला विषारी भाऊ : पाने हाताच्या बोटांसारखी खोल चिरलेली, फुले गडद निळी. एक बालचातुर्भद्रात अर्भकास द्यावयाचा, दुसरा शोधनाशिवाय स्पर्शही करू नये असा, आणि दोघे एकाच उतारावर. शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी व वनवासी हे औषधींना नामरूपाने जाणतात, असे चरक म्हणतात. त्यापुढे ते असेही म्हणतात की, केवळ नामरूपज्ञान पुरेसे नाही, योग जाणणारा तो वैद्य. हा उत्तरार्ध आम्ही आजवर अभिमानाने सांगत आलो होतो. त्या उतारावर पूर्वार्धाचे वजन अधिक वाटले.

कुटकी दिसली ती एका खडकाच्या आडोशास. जमिनीला चिकटून असलेली चमच्याच्या आकाराची दंतुर पाने आणि मधोमध एक लहानसा, सुकू लागलेला पुष्पदंड. वाटाड्या तिला ‘कडवी’ म्हणाला. इतके साधे रोप असेल अशी आमची कल्पना नव्हती. तिचे औषधी अंग जमिनीत सरपटणारे कंदरूप खोड. ते खणले की रोपच जाते. आमच्यातील एका ज्येष्ठ वैद्यांनी गुडघे टेकून तिला नमस्कार केला, आणि कोणी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी हेमकुंड. सहा किलोमीटरचा उभा चढ, चार हजार मीटरच्या वर नेणारा. सरोवरतीरी शिखांचा गुरुद्वारा आहे आणि लोकपाल लक्ष्मणाचे छोटे मंदिर. दोन्हींत येणारे भाविक लंगरात एकाच पंक्तीत गरम खिचडी व चहा घेतात. त्या थंडीत त्याहून दीपन-पाचन आम्हाला सुचले नसते. वाटेवरील खडकांत ब्रह्मकमळे उमलली होती, फिकट पिवळसर, पारदर्शक पानांत गुरफटलेली. रत्नागिरीत जुलै-ऑगस्टमध्ये रात्री जागून ज्याची आरती होते ते ‘ब्रह्मकमळ’ वस्तुतः अमेरिका खंडातील निवडुंग आहे, याचा उल्लेख करावा काय याबद्दल आमच्यात दुमत झाले. उल्लेख केला आहे. जटामांसी मात्र आम्हाला कोठेही दिसली नाही.

तिचे न दिसणे हे केवळ आमचे दुर्दैव नव्हे. जटामांसी आज घोर संकटग्रस्त वनस्पतींत गणली जाते. ती आणि कुटकी या दोहोंचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९७ पासून साइट्‌स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. कुष्ठ तर पहिल्या परिशिष्टात आहे. मागणी वाढविणारे आपणच. पाठ आपले, औषधी निर्माणशाळा आपल्या.

बदरीनाथी आम्ही दर्शन घेतले. येथील मुख्य पुजारी, रावळ, हे केरळातील नंबुद्री ब्राह्मण असतात. हिवाळ्यात मंदिर मिटल्यावर उद्धव व कुबेर यांच्या मूर्ती पांडुकेश्वरी आणल्या जातात. माणा गावी व्यासगुंफा, भीमपूल आणि खडकातून गर्जत येणारी सरस्वती. तेथील भोटिया स्त्रिया लोकर विणता विणता चोरू व फरण या सुगंधी वनस्पती विकतात. यात्रामार्गावर शिलाजतूचे तुकडेही विकावयास होते. ग्रंथोक्त परीक्षेनुसार आम्ही एक तुकडा पाण्यात टाकला. तंतू पसरत खाली जाण्याऐवजी पाणी एकदम गढूळ झाले. विक्रेता निर्विकार होता.

परतीच्या वाटेवर गोपेश्वर येथील जडीबुटी शोध एवं विकास संस्थानाची माहिती घेतली. औषधी लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांची नोंदणी ही संस्था करते, आणि घेससारख्या उंचावरील गावांत कुटकीची शेती होते. एका शेतकऱ्याने ताजा कंद हातावर ठेवला. मत्स्यशकला हे कुटकीचे पर्यायनाम आम्ही नुसते पाठ केले होते. कंदावरील खवले पाहिल्यावर रत्नागिरीकराला त्याचा अर्थ निराळा सांगावा लागला नाही. तीनएक वर्षांनी पीक निघते, तोवर भांडवल अडकते, आणि रानातून खणलेला माल स्वस्त पडतो, ही त्याची अडचण. आमच्यापैकी तिघांनी या हंगामापासून लागवडीच्या कुटकीचीच मागणी नोंदविली आहे. दर अधिक पडतो. रुग्णांना तो किती पेलेल हे वर्षाअखेरीस कळविण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

प्रवासात सर्वाधिक चर्चा झाली ती भावमिश्रांची. अष्टवर्ग राजांनाही दुर्लभ आहे, असे त्यांनी सोळाव्या शतकातच लिहून ठेवले आणि प्रतिनिधी दिले : मेदा-महामेदेऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकाऐवजी विदारी, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा, ऋद्धि-वृद्धीऐवजी वाराही. अतिविषेच्या अभावी मुस्ता. प्रतिनिधी द्रव्य म्हणजे दुय्यम द्रव्य, असा एक समज आपल्यात रूढ आहे. काही वैद्य ‘अस्सल अष्टवर्गयुक्त’ अशा जाहिरातींना भुलून अधिक मोल देतात. आमच्या मते भावमिश्रांची यादी हीच आज शास्त्रसंमत आणि सुज्ञ निवड आहे. शिवाय ती आपल्या दाराशी आहे. शतावरी आपल्या डोंगरउतारांवर आहे, मुस्ता भाताच्या प्रत्येक बांधावर आहे आणि वाराही म्हणजे कुंपणावर चढलेला आपला कडू करांदा. कंद शरदात घ्यावेत असे कल्पस्थान सांगते. तेव्हा करांद्याची खोदणी पाऊस ओसरल्यावरच करावी, आणि वेलीच्या काखेतील लहान कंद पुढील वर्षासाठी तेथेच मातीत पुरावेत.