इथलं पाणी बुजवा, तिथं नवं तळं बांधा?

नवी मुंबईत पाणथळ जागेचा वाद निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "बुजवली तर बुजवली, बदल्यात दुसरीकडे करून देतील ना!" विकासकाची माणसं ते आश्वासन म्हणून सांगतात, सोसायटीच्या बैठकीत ते तडजोड म्हणून पटतंही. पण आपल्या पाणथळविषयक नियमांत असा सौदाच नाही.

केंद्राचे पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम 2017 सालचे आहेत. त्यातला चौथा नियम सरळ आहे. पाणथळ जागेचा दुसऱ्या कामासाठी वापर नाही, अतिक्रमण नाही, कचरा नाही, उद्योग नाही. नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत, होड्यांचे धक्के सोडले तर, पक्कं बांधकामही नाही. कुणाला सूट हवी असेल तर राज्य सरकारने केंद्राकडे प्रस्ताव पाठवायचा. "एक एकर बुजवा, दोन एकर करून द्या" असं कोष्टक तिथे शोधूनही सापडत नाही.

मग ही कल्पना आली कुठून? आली ती कांदळवनांच्या नियमांतून. 2019 च्या किनारपट्टी अधिसूचनेत काही सार्वजनिक कामांसाठी खांबांवरून रस्ता नेताना तिवरं तोडावी लागली, तर तुटलेल्या क्षेत्राच्या किमान तिप्पट लागवड करण्याची अट आहे. तीही सार्वजनिक गरजेच्या कामांना. मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात बजावलं की सार्वजनिक हिताखेरीज कांदळवन तोडता येणार नाही आणि भोवतीचा 50 मीटरचा पट्टाही मोकळा राहिला पाहिजे. सी व्ह्यू फ्लॅट हे सार्वजनिक हित कसं, हे अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

दुसरं कारण विमानतळ. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबई विमानतळाला पर्यावरण मंजुरी मिळाली, तेव्हा वाघिवलीला 245 हेक्टर, मोहा आणि पनवेल खाडीकाठी 60 आणि ईशान्येला 310 अशी मिळून 615 हेक्टर जमीन हिरवी ठेवायची अट पडली. तेव्हापासून "बदली जमीन" लोकांच्या तोंडी बसली. पण तो एका विमानतळाचा, केंद्राने अटी घालून दिलेला अपवाद होता. गाळे आणि टॉवर विकणाऱ्याला त्याचा आधार मिळत नाही.

अमेरिकेत मात्र बदलीची पद्धत खरोखर आहे. पाणथळ बुजवणाऱ्याने दुसरीकडे तयार करून द्यायची, किंवा तयार करून ठेवलेल्या 'बँके'तून श्रेय विकत घ्यायचं. तिथल्याच राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2001 मध्ये तपासून सांगितलं की "निव्वळ नुकसान शून्य" हे उद्दिष्ट या मार्गाने साधत नाहीये. आपण ज्याची नक्कल करू पाहतो त्याचा निकाल आधीच लागलेला आहे.

बदलीत मिळतं काय, हेही बघायला हवं. बहुतेक वेळा झाडं. आणि रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, झाडावर बसत नाहीत. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा ते चोच उलटी करून त्यातले शेवाळाचे कण आणि बारीक जीव गाळून खातात. भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो आणि थवे उठून सीवूड्सच्या एनआरआय, टी. एस. चाणक्य आणि डीपीएस तळ्यांकडे किंवा उरणच्या पाणजे, भेंडखळकडे येऊन उथळ पाण्यात उभे राहतात. उघड्या चिखलात तिवरांची रोपं खोवली तर कागदावर हिरवं क्षेत्र वाढतं, पक्ष्याचं ताट मात्र कमी होतं. 2015 चं ठाणे खाडी अभयारण्य, जे 2022 मध्ये रामसर यादीत गेलं, तेही भरतीच्या वेळच्या या जागांवाचून अर्धंच आहे.

"ही तळी नैसर्गिक नाहीत, पूर्वी खारजमिनी आणि मिठागरं होती" हा पुढचा युक्तिवाद. अर्धा खरा. 1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली तेव्हा इथे बांध, उघाड्या (खाडीचं पाणी सोडायची-अडवायची दारं) आणि खारीची शेती होतीच. पण नियमांच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम दोन्ही येतात. वगळलंय ते नदीपात्र, भातशेती आणि पिण्याचं पाणी, मत्स्यशेती, मीठ, सिंचन, करमणूक अशा खास कामासाठी बांधलेलं. शिवाय भरतीचं पाणी जिथे येतं तिथे किनारपट्टीचे नियम लागतात, म्हणजे एका कायद्यातून सुटलेली जागा दुसऱ्यात अडकते.

"सव्वादोन हेक्टरपेक्षा लहान, म्हणून पाणथळ नाही" हेही चूक. 2.25 हेक्टर ही इस्रोच्या नकाशासंग्रहातल्या मोजणीची मर्यादा आहे, व्याख्येत आकाराची अट नाही. आणि "अधिसूचना निघाली नाही, मग मोकळी" म्हणणाऱ्यांनी 2017 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश वाचावा. नकाशातल्या 2,01,503 जागांना त्याने अधिसूचनेची वाट न पाहता संरक्षण दिलं.

विकास आराखड्यात पिवळा रंग दिला की विषय संपला, असं समजणाऱ्यांसाठी सीवूड्सचंच उदाहरण आहे. पाणथळीलगतच्या जमिनीवर गोल्फ कोर्स आणि घरं उभी करण्यासाठी वापर बदलून दिला होता. नोव्हेंबर 2018 मध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. आराखडा कायद्याच्या वर नसतो.

विमानांच्या सुरक्षेसाठी तळी बुजवावीत, हा नवा सूर. 20 मे 2024 ला घाटकोपरजवळ विमानाच्या धडकेत सुमारे 39 रोहित पक्षी मेले, म्हणून भीती खोटी नाही. पण बसायची ठरलेली जागा गेली की थवा नाहीसा होत नाही, दुसरी सपाट ओली जागा शोधतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) अभ्यासक हेच सांगत आले आहेत. आणि नव्या विमानतळाची धावपट्टी आहे ती खाडीकाठीच.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात घातक: भराव पडला नाही म्हणजे तळं सुरक्षित, हा समज. सीवूड्सच्याच डीपीएस तळ्यात डंपर आले नव्हते. भरतीचं पाणी आत येण्याचे मार्ग बुजले, तळं सुकलं, आणि 2024 च्या उन्हाळ्यात पक्षी मरू लागले. 2025 च्या एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने ते संवर्धन राखीव करण्याचा निर्णय घेतला. म्हणून तळ्यावर जाल तेव्हा भरावाच्या ढिगाबरोबर नळ्या आणि उघाड्याही बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला पाणी आत येत नसेल, तर वेळ आणि ठिकाण दिसेल असा फोटो काढा आणि कोकण विभागीय आयुक्तांच्या पाणथळ तक्रार समितीकडे धाडा.