बाथरूम भिंतीच्या आत की बाहेर?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईने कर्जाचा अर्ज पुढे केला. कारण लिहिलं होतं, 'न्हाणीघर'. सगळ्यांनी लगेच माना हलवल्या. पत्र्याच्या आडोशाला, साडीचा पडदा बांधून, पहाटे अंधारात अंघोळ उरकायची म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. मी फक्त एवढंच विचारलं, "ताई, घराच्या आत बांधणार की बाहेर?" सगळ्या हसल्या. एक आजी म्हणाली, "आत काय अन् बाहेर काय, अंघोळ तर अंघोळच!" अंघोळीला फरक पडत नाही हे खरं. कागदाला मात्र पडतो. माझ्या स्वतःच्या न्हाणीघराची एक भिंत मला पाडावी लागली आहे, म्हणून मी हा प्रश्न विचारते.

आधी नियम सांगते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम हा १९६६ सालचा कायदा. त्याच्या ४३व्या कलमात म्हटलं आहे की बांधकामाला परवानगी हवी. पण जे काम घराच्या फक्त आतल्या भागात होतं, किंवा ज्याने घराचं बाहेरचं रूप फारसं बदलत नाही, अशा दुरुस्तीला आणि सुधारणेला ती लागत नाही. म्हणजे जुन्या मोरीला फरशी बसवली, नळ बदलला, पत्र्याचं दार काढून पक्कं लावलं, भिंतीला टाइल्स लावल्या, संडासाचं भांडं बदललं, तर कोणाला विचारायची गरज नाही. मिस्तरीला बोलवा आणि काम सुरू करा. एकच काळजी घ्या. न्हाणीघर मोठं करायला आतली भिंत पाडायची असेल, तर तिच्यावर छताचा किंवा माळ्याचा भार आहे का हे जाणत्याला विचारा. नुसती आडभिंत असेल तर गोष्ट वेगळी. भार घेणारी भिंत काढणं ही दुरुस्ती राहत नाही.

आता बाहेरचं. घराच्या मागे नवी खोली काढली, ओट्यावर भिंत उभी केली, पडवी बंद करून बाथरूम केलं, गच्चीवर बांधलं, की ते नवं बांधकाम किंवा वाढीव बांधकाम झालं. मग ते चार फुटांचं का असेना! गावठाणात अशा बांधकामाला ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी लागते. ग्रामपंचायत अधिनियमाचं ५२वं कलम त्याच्यासाठीच आहे. "एवढ्याशा बाथरूमला कसली परवानगी" हे वाक्य मी शंभर मिस्तरींच्या तोंडून ऐकलं आहे. भिंत पाडायची वेळ आली की मिस्तरी दुसऱ्या गावाला कामावर असतो.

माझ्या घराचं असंच झालं. गटातून चाळीस हजार कर्ज घेतलं, मागच्या दाराला लागून न्हाणीघर काढलं. सासरे म्हणाले, बोळ आपलीच आहे, आजोबांपासून आपण वापरतो. वापरतो हे खरं होतं. आपली आहे हे खरं नव्हतं. छताचा पत्रा चढवला त्या दिवशी शेजारच्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. मोजलं तर भिंत दोन फूट सार्वजनिक बोळीत. चूक माझीच होती. भिंत पाडली, आत सरकवून पुन्हा बांधली. कर्जाचे हप्ते मात्र पहिल्या भिंतीचेही भरले, दुसऱ्या भिंतीचेही.

म्हणून पाया खोदण्याआधी हद्द बघा. ग्रामपंचायतीचा नमुना ८, ज्याला आपण घराचा उतारा म्हणतो, तो कर आकारणीचा कागद आहे. त्यावर नाव असलं म्हणजे जागेची मालकी सिद्ध झाली असं नाही, आणि जागेचा आकारही त्यावरून नीट कळत नाही. ज्या गावांत स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली, तिथे मालमत्ता पत्रक मिळतं. त्यावर हद्द दिसते. ते मिळालं असेल तर ट्रंकेच्या तळाशी ठेवू नका, मिस्तरीला दाखवा.

परवानगीचं काम २०२० साली आलेल्या राज्याच्या एकत्रित नियमावलीने बरंच सोपं केलं आहे. गावात १६०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेवर बांधायचं असेल तर नगररचना खात्याकडे हेलपाटे नाहीत. जागेचा कागद, बांधकामाचा नकाशा आणि तो नियमात बसतो असं परवानाधारक अभियंत्याचं किंवा वास्तुविशारदाचं प्रमाणपत्र, हे ग्रामपंचायतीत द्यायचं आणि शुल्क भरायचं. ३२०० चौरस फुटांपर्यंतही काम ग्रामपंचायतीतच होतं. आपली बहुतेक घरं पहिल्याच मापात बसतात. एक गोष्ट विसरू नका: अर्ज दिला की पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. ग्रामसेवक भाऊ, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, कितीही ओळखीचे असोत. त्यांची बदली होते, पोच आपल्याजवळ राहते.

ज्यांचं घर गावठाणात नाही, पाड्यावर स्वतःच्या शेतात आहे, त्यांच्या जमिनीचा सातबारा असेल. घर वनहक्काच्या पट्ट्यावर असेल तर पट्ट्यात काय लिहिलं आहे ते आधी वाचून घ्या. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या तायांना हे मुद्दाम सांगते, कारण तिकडे अंगण कुठे संपतं आणि वनजमीन कुठे सुरू होते हे डोळ्यांना दिसत नाही.

नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा इथे नगरपरिषद आहे. तिथे बाहेरच्या बांधकामासाठी नकाशासह अर्ज करावा लागतो. नियमात बसणाऱ्या अर्जावर ६० दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं कायदा धरतो. पण ती मोजणी पोचेवरच्या तारखेपासून होते, म्हणून पुन्हा पोच! गटारजोडणी, नळजोडणी आणि त्यासाठी रस्ता खोदायचा असेल तर ती परवानगी वेगळी.

आता ज्यांच्यासाठी मी हा विषय खरं तर घेतला त्यांच्याशी बोलते. २०११ पासून आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. आपल्या गटांतल्या कितीतरी ताया सदस्य झाल्या, सरपंच झाल्या, काही पुढच्या निवडणुकीची तयारी करत आहेत. ग्रामपंचायत अधिनियमाच्या १४व्या कलमानुसार सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारी व्यक्ती सदस्य राहू शकत नाही. "मी कुठे केलं, सासऱ्यांनी केलं" असं म्हणून सुटता येत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका महिला सदस्याच्या प्रकरणात स्पष्ट केलं की अतिक्रमण घरच्या दुसऱ्या माणसाने केलं असलं, तरी सदस्य त्या जागेचा वापर करत राहिली तर ती अपात्र ठरते. घर कुठे बांधायचं हे ठरवताना सुनेला कोणी विचारत नाही. पद मात्र तिचं जातं. बोळीत किंवा गायरानात गेलेली न्हाणीघराची भिंत विरोधकाच्या हातातला कागद होऊ शकते, हे घरात आधीच सांगून ठेवा.

नावाचंही तसंच. परवानगीचा अर्ज ज्याच्या नावावर घर आहे त्याने करायचा असतो. घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावावं असं शासनाने २००३ साली ग्रामपंचायतींना कळवलं आहे. अनेक घरांत अजून एकच नाव आहे, कधी कधी वारलेल्या सासऱ्याचं. बाथरूमच्या निमित्ताने उतारा काढायचाच आहे, तर त्याच फेरीत दुसरं नाव लावण्याचा अर्जही द्या.

संडास जोडून बांधणार असाल तर स्वच्छ भारत मिशनमधून पात्र कुटुंबाला १२,००० रुपये प्रोत्साहन मिळतं. अनुसूचित जमातीची कुटुंबं, अल्पभूधारक, भूमिहीन, बाई कुटुंबप्रमुख असलेली घरं त्यात बसतात. नुसत्या न्हाणीघराला हे पैसे नाहीत. दोन शोषखड्ड्यांचा संडास असेल तर खड्डा विहिरीपासून, हातपंपापासून निदान १० मीटर लांब ठेवा, शेजारणीच्या हातपंपापासूनसुद्धा. अंघोळीचं साबणाचं पाणी त्या खड्ड्यात सोडू नका. खड्डा लवकर भरतो आणि मैल्याचं खत नीट होत नाही. त्या पाण्याला वेगळा शोषखड्डा करा, नाहीतर परसातल्या केळीला सोडा. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पाणी हळू मुरतं, तिथे मला केळीच बरी वाटते.

आणि बांधून झालं आहे, नोटीस आली आहे, अशी कोणी ऐकत असेल तर घाबरून कागद चुलीत घालू नका. त्या नोटिशीवर मुदत असते. बांधकाम आपल्या हद्दीत असेल आणि फक्त परवानगी राहिली असेल, तर नगररचना कायद्याखालच्या नोटिशीच्या मुदतीतच ते कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. हद्दीबाहेर असेल तर तेवढा भाग स्वतः काढून घेतलेला स्वस्त पडतो. माझ्या भिंतीच्या विटा मी जपून काढल्या होत्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त नव्या भिंतीत लागल्या, उरलेल्यांचा तुळशीचा ओटा झाला.