लेझरचा स्फटिक कसा वाढवतात?

स्फटिक : निओडिमियम-यॅग (यॅग म्हणजे यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट). यातील यिट्रियमच्या शंभरातल्या साधारण एका अणूची जागा निओडिमियम घेते.

भट्टी : वितळणबिंदू सुमारे १,९७० अंश सेल्सियस, म्हणून मूस इरिडियमची.

पद्धत : पोलिश रसायनतज्ज्ञ यान चोख्राल्स्की यांनी १९१६मध्ये शोधलेली. वितळलेल्या द्रवाला बीजस्फटिक टेकवून तो फिरवत हळूहळू वर ओढतात.

वेग : ताशी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एका स्फटिकाला काही आठवडे लागतात; घाई केली की आत दोष राहतात.

कापणी : मधल्या गाभ्यात ताण असतो. लेझरच्या कांड्या तो टाळून कडेच्या भागातून कापतात.

किरण : १,०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा.

या स्फटिकाचा पहिला लेझर : १९६४, बेल प्रयोगशाळा, अमेरिका.

लष्करी वापर : रणगाड्यांवरील अंतरमापक, लेझर-मार्गदर्शित बॉम्बला लक्ष्य दाखवणारी उपकरणे.