हृदयाचे ठोके, लेखांक ५ : धडधड किती वाजता सुरू झाली?

मागच्या लेखांकात आपण सायनस नोडपाशी थांबलो होतो. ठोका सुरू करणारा हा पेशींचा पुंजका कुणाच्या हुकमाची वाट पाहत नाही. नसांचा प्रभाव पूर्ण काढून घेतला, तर तरुण माणसात तो मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. म्हणूनच हृदयप्रत्यारोपण झालेल्यांची नाडी स्वस्थ बसल्यावरही जलद लागते. आपली नाडी ७०च्या आसपास राहते ती मुख्यतः व्हेगस नसेमुळे. धावताना किंवा घाबरल्यावर तिचा लगाम सैल होतो आणि सिंपथेटिक नसा वेग वाढवतात. या दोन्ही मिळून हृदयापुरती स्वायत्त चेतासंस्था.

व्हेगस हृदयाला शांत करते म्हणून ती नेहमी हितकारकच, असा समज रूढ आहे. तो पुरता खरा नाही. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस उत्तेजित केली आणि त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला. तेही मंदावले. द्रवातून गेले होते ते ॲसिटिलकोलिन. हेच रसायन कर्णिकांच्या पेशींमध्ये दोन ठोक्यांमधला सक्तीचा विश्रांतिकाळ कमी करते, तेही सगळीकडे सारखे नाही. एक भाग लगेच तयार, शेजारचा अजून थकलेला, अशा स्थितीत एखादा अवेळी ठोका आला की विद्युतलहर सरळ न जाता गोल फिरू लागते. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे कर्णिकांची बेताल थरथर, सुरू होते.

पॅरिसचे हृदयरोगतज्ज्ञ फिलिप कूमेल यांनी व्हेगसमुळे असा त्रास होणारे रुग्ण बारकाईने अभ्यासले. बहुतेक मध्यमवयीन पुरुष, हृदय एरवी निरोगी. त्रास व्हायचा रात्री झोपेत, भरपेट जेवणानंतर किंवा व्यायाम थांबवून टेकल्यावर. अशा माणसाला ‘टेन्शन घेऊ नका’ सांगून परत पाठवणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्याला त्रास होतो तो निवांतपणीच. यात ठोके मंदावणारी नेहमीची बीटा ब्लॉकर औषधे कधी कधी त्रास वाढवूही शकतात. अर्थात, चालू गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

जवनिकांमध्ये धोका बहुधा उलट दिशेने, सिंपथेटिक नसांकडून येतो. जन्मजात लाँग क्यूटी या विकारात प्रत्येक ठोक्यानंतर जवनिका विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला जास्त वेळ घेतात. त्याच्या पहिल्या प्रकारात पोहताना किंवा धावताना ठोके बिघडतात, दुसऱ्यात अचानक वाजलेल्या गजराने. तिसरा प्रकार मात्र विश्रांतीत आणि झोपेत गाठतो. पहिल्या दोन प्रकारांत बीटा ब्लॉकरचा मोठा आधार असतो. औषध पुरत नसेल किंवा सोसत नसेल, तर छातीत डाव्या बाजूच्या सिंपथेटिक नसांची साखळी काढण्याची शस्त्रक्रिया करतात.

म्हणून पोहताना किंवा गजराच्या आवाजाने शुद्ध हरपलेल्या मुलाला ‘अशक्तपणा असेल’ म्हणून घरी ठेवू नका, त्याचा ईसीजी काढून घ्या. घरात कुणी तरुण वयात अचानक दगावले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. धडधडीचा त्रास असणाऱ्यांनी वहीत वेळ, त्याआधीचे जेवण, व्यायाम, झोप लिहून ठेवावी. होल्टर, म्हणजे ठोके सलग नोंदवणारे यंत्र, लावलेल्या दिवशी ठोके नेमके सुरळीत असले, तर डॉक्टरांच्या हाती त्रासाची वहीतली तेवढीच नोंद असते.

पुढील आठवड्यात : बीटा ब्लॉकर नेमके काय अडवतात?