कोमो सरोवराच्या भोंवतीं सायकलीवरून

घाट चढणें कठीण आणि उतरणें सोपें, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत असते. चढतांना धाप लागते, पाय भरून येतात, आणि शेवटीं खालीं उतरून सायकल हातीं धरून चालावें लागतें. उतरतांना मात्र पाय न हालवितां गाडी आपोआप धांवते. म्हणून जो चढला तो जिंकला, असें आपण मानतों. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहण्यासाठीं आम्ही वाचकांस इटलीच्या उत्तर भागांतील एका सरोवराकडे नेणार आहोंत. त्या सरोवराचें नांव कोमो. त्याच्या कांठचे रस्ते सायकलस्वारांना फार प्रिय आहेत; पण तेच रस्ते त्यांची कठोर परीक्षाही घेतात.

कोमो सरोवर आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं आहे. पुरातन काळीं तेथें प्रचंड हिमनदी होती. तिनें दऱ्या कोरून खोल केल्या, आणि बर्फ वितळल्यावर त्यांत पाणी सांठलें. सरोवराचें क्षेत्रफळ सुमारे १४६ चौरस किलोमीटर असून खोली ४०० मीटरांहून अधिक आहे. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १९८ मीटर उंच आहे. नकाशांत पाहिलें तर एखादा माणूस दोन पाय फांकून उभा आहे असा भास होतो. डाव्या पायाच्या टोंकाशीं कोमो शहर, उजव्याच्या टोंकाशीं लेको शहर, आणि दोन्ही पाय जेथें जुळतात तेथें बेलाज्यो हें गांव वसलें आहे. आद्दा नदी उत्तरेकडून सरोवरांत शिरते व लेकोपाशीं बाहेर पडते.

संपूर्ण सरोवरास फेरी घालावयाची तर दीडशे किलोमीटरांहून अधिक मजल मारावी लागते. कोमोहून निघून पश्चिम कांठानें मेनाज्योवरून उत्तरेस जावें, कोलिको येथें वळसा घ्यावा, पूर्व कांठानें वारेन्ना गांवावरून लेकोस उतरावें, आणि बेलाज्योवरून पुन्हां कोमोस यावें. या क्रमानें गेल्यास सरोवर सर्व वेळ आपल्या उजव्या हातास राहतें, म्हणजे ही खरीखुरी प्रदक्षिणाच होते. इटलींत वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात. त्यामुळें स्वार पाण्याच्या कडेनेंच जातो, आणि समोरून येणाऱ्या मोटारी त्याच्या व सरोवराच्या मध्यें येत नाहींत. रस्ता मात्र कित्येक ठिकाणीं अरुंद आहे. पूर्व कांठीं मोटारींचा वेगवान महामार्ग डोंगराच्या पोटांतून बोगद्यांनीं जातो. सायकलस्वारानें त्या वाटेस न जातां कांठच्या गांवांतून जाणारा जुना रस्ता धरावा. ज्यांना इतकी मजल झेपत नाहीं त्यांच्यासाठीं सोयही आहे. बेलाज्यो, मेनाज्यो आणि वारेन्ना या तीन गांवांमध्यें नावा चालतात, व त्यांवर सायकल नेतां येते. तेव्हां सरोवराचा अर्धाच भाग फिरून, पाणी ओलांडून, परत येतां येतें. आपल्या शक्तीचा अंदाज घेऊन बेत आंखण्यांत कमीपणा कसला?

कांठचा रस्ता साधारणपणें सपाट आहे. खरी कसोटी लागते ती दोन पायांच्या मधल्या डोंगराळ त्रिकोणांत. बेलाज्योहून दक्षिणेकडे एक घाट चढतो. त्याचें नांव गिसाल्लो. सुमारे साडेआठ किलोमीटरांत तो पांचशे मीटरांहून अधिक उंची गांठतो व ७५४ मीटरांवर खिंडींत पोंचतो. चढाचें मान शेंकडेवारीनें सांगतात. शंभर मीटर पुढें गेल्यावर सहा मीटर उंची वाढली, तर तो सहा टक्के चढ. गिसाल्लोची सरासरी जवळजवळ इतकीच आहे. पण सरासरी फसवी असते. मध्यें कांहीं अंतर रस्ता जवळजवळ सपाट होतो, आणि त्याची भरपाई म्हणून आरंभीं व शेवटीं चढ फार खडा होतो; एके जागीं तर तो चौदा टक्क्यांच्या आसपास जातो. ज्यानें आरंभींच सारा जोर खर्च केला त्याला शेवटच्या टप्प्यांत पश्चात्ताप होतो. परीक्षेच्या पहिल्या प्रश्नावरच सारा वेळ घालविणाऱ्या विद्यार्थ्यांस हें निराळें सांगावयास नको!

खिंडींत पवित्र मरीयेचें एक लहानसें जुनें मंदिर आहे. १९४८ सालीं पोपनें आशीर्वाद दिलेली एक ज्योत रोमहून सायकलस्वारांनीं येथवर आणिली, आणि १९४९ सालच्या ऑक्टोबरच्या १३ तारखेस बारावे पायस पोप यांनीं गिसाल्लोच्या मातेस सायकलस्वारांची संरक्षक म्हणून घोषित केलें. मंदिराच्या भिंतींवर मोठमोठ्या विजेत्यांच्या सायकली टांगलेल्या आहेत. १९०५ सालीं सुरू झालेली लोम्बार्दी प्रांताची प्रसिद्ध शर्यत या घाटानें अनेक वेळां गेली आहे. ती शरद ऋतूंत होत असल्यामुळें तिला गळत्या पानांची शर्यत असें म्हणतात. फाउस्तो कोप्पी या स्वारानें ती पांच वेळां जिंकली. आपल्याकडील मुंबई-पुणें शर्यतींत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास घाटाचा राजा म्हणून गौरवितात. गिसाल्लोसारख्या घाटांवर असे राजे पुष्कळ झाले, आणि पुष्कळांचें राज्य पुढच्या उतारावर गेलें.

जवळच सोर्मानो नांवाचें गांव आहे. तेथून वर जाणाऱ्या एका अरुंद वाटेस लोक सोर्मानोची भिंत म्हणतात. लांबी दोन किलोमीटरांहूनही कमी; पण चढ सरासरीनें पंधरा टक्क्यांहून अधिक, आणि कांहीं जागीं पंचवीस टक्के. १९६० ते १९६२ या तीन वर्षीं लोम्बार्दीची शर्यत या वाटेनें नेली. तेव्हां नामांकित स्वारांनाही खालीं उतरून चालावें लागलें, कित्येकांना प्रेक्षकांनीं मागून ढकललें, आणि पुढें ही वाट शर्यतींतून वगळण्यांत आली. २००६ सालीं तिची दुरुस्ती झाली, व २०१२ सालीं शर्यत पुन्हां तिच्यावरून गेली.

आतां उताराकडे वळूं. सायकल व स्वार मिळून ८० किलो वजन आहे आणि तें ५०० मीटर खालीं येत आहे असें धरूं. चढतांना पायांनीं जी शक्ति सांठविली ती सर्व उतरतांना मोकळी होते. ती इतकी असते कीं तिनें लिटरभर थंड पाणी उकळावें. तिचा कांहीं भाग हवेच्या विरोधांत खर्च होतो. उरलेल्या शक्तीचें उष्णतेंत रूपांतर करण्याचें काम ब्रेकांना करावें लागतें, आणि तें त्यांनीं केलें नाहीं तर तीच शक्ति वेग वाढवीत राहते. शिवाय वेग तिप्पट झाला तर थांबण्यास लागणारें अंतर तिप्पट होत नाहीं, नऊपट होतें. ताशीं वीस किलोमीटर वेगानें जाणारा मुलगा ज्या अंतरांत थांबतो, त्याच्या नऊपट अंतर त्याला साठाच्या वेगांत लागेल. आणि घाटांतलें वळण तोंवर वाट पाहत नाहीं. म्हणून अनुभवी स्वार वळणापूर्वीं वेग कमी करतो, वळणाच्या आंत नव्हे. कारण वळतांना चाकाची रस्त्यावरील पकड वळण्यांतच गुंतलेली असते, ब्रेकासाठीं फारशी उरत नाहीं.

हा नियम मोठ्यांनाही सोडीत नाहीं. २०२० सालच्या ऑगस्टच्या १५ तारखेस सोर्मानोचा उतार उतरतांना बेल्जियमचा तरुण स्वार रेम्को एव्हेनेपूल एका पुलाच्या कठड्यावर आदळून खालच्या घळींत कोसळला. त्याच्या कमरेचें हाड मोडलें. तो बरा झाला, आणि २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत त्यानें दोन सुवर्णपदकें मिळविलीं. पण कोमोजवळचाच फाबिओ कासार्तेल्ली इतका भाग्यवान नव्हता. १९९२ सालच्या बार्सेलोना ऑलिंपिकांत त्यानें सुवर्णपदक जिंकलें होतें. १९९५ सालच्या जुलैच्या १८ तारखेस, फ्रान्सच्या महाशर्यतींत पिरेनीज पर्वताचा एक घाट उतरतांना तो पडला व त्याचें डोकें रस्त्याच्या कडेच्या ठोकळ्यावर आपटलें. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें. तो अवघा चोवीस वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशीं कोणीही शर्यत लढविली नाहीं. सर्व स्वार एकत्र, संथपणें चालले, आणि त्याच्या सोबत्यांनीं बरोबरीनें शेवटची रेषा ओलांडली. त्याची सायकल आज गिसाल्लोच्या मंदिरांत आहे. विजेत्यांच्या सायकली पाहावयास आलेला प्रवासी तिच्यापुढें गप्प उभा राहतो. पुढें २००३ सालीं आंतरराष्ट्रीय सायकल संघानें धंदेवाईक शर्यतींत शिरस्त्राण सक्तीचें केलें.

विद्यार्थी मित्रहो, कोमोचें सरोवर दूर आहे. पण उतार आपल्याही गांवीं आहेत, आणि शाळा सुटल्यावर तुमच्यांतील कित्येक जण ते कसे उतरतात हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. पुढें एक मित्र दांडीवर, मागें एक कॅरियरवर, आणि हात सोडून देण्याची पैज! तेव्हां निघण्यापूर्वीं दोन्ही ब्रेक दाबून पाहा, त्यांचीं रबरें झिजलीं असतील तर बदला, डोक्यावर शिरस्त्राण घाला, आणि वळण येण्याआधीं वेग आवरा. पालकांसही आमची एक विनंति आहे. भीतीपोटीं मुलाची सायकल काढून घेऊं नका, आणि कौतुकापोटीं ब्रेकावांचून सायकलही देऊं नका. एका रविवारीं त्याच्याबरोबर जवळच्या चढावर जा. आणि तो वर पोंचल्यावर शाबासकी देण्याची घाई करूं नका. तो सुखरूप खालीं येईपर्यंत ती राखून ठेवा.