दुकाने वेगळी, नाव एक!

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दुकानाला दुकान लागून आहे. माल एकच, सतार आणि तंबोरा. गिऱ्हाईकही एकच, गाणारे-वाजविणारे. येथे शेजारी हाच प्रतिस्पर्धी! तरीही या कारागिरांनी एकजुटीने जे मिळविले, ते एकट्या दुकानदाराला कधीच मिळाले नसते.

हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात येथे तंतुवाद्यांचे काम सुरू केले. पिढ्यान् पिढ्या ते वाढले. परंतु 'मिरजेची सतार' या नावाचा मालक कोण? बाहेरचा माल कोणी याच नावाने विकला, तर हरकत कोणी घ्यावी?

भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा. तो २००३ मध्ये अमलात आला. या कायद्याने असे नाव एकट्या व्यापाऱ्याचे होत नाही. अर्ज उत्पादकांच्या वतीने, त्यांच्या संस्थेमार्फत करावा लागतो. मिरजेत कारागिरांच्या संस्था पुढे आल्या आणि २०२४ मध्ये तेथील सतार व तंबोरा यांना मानांकन मिळाले.

मात्र काम येथेच संपत नाही. चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात प्रत्येक कारागिराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंद केली पाहिजे. मानांकनाची मुदत १० वर्षे असून पुढे नूतनीकरण करता येते. ते विकता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. त्यामुळे एखादा धनिक ते विकत घेऊन इतरांना बाहेर काढील, ही भीती नाही.

जबाबदारीही सामाईक आहे. एकाने कच्चा भोपळा लावून सतार विकली, तर बदनामी सगळ्या गल्लीची होते. म्हणून नाव व दर्जा सर्वांनी मिळून राखावा. जवारीची हातोटी, भाव आणि गिऱ्हाइकाशी वागणूक यांत खुशाल चढाओढ करावी.

भलाईच्या कामात परस्परांना साहाय्य करण्याची शिकवण कुरआनने दिली आहे. साठेबाजी करून किंवा संगनमताने भाव चढवून गिऱ्हाइकाला नाडणे हे त्या साहाय्यात बसत नाही. तो गुन्हाच होय.

आपल्या गावात असा कोणता हुन्नर आहे? येत्या जुम्याच्या नमाजनंतर शेजारच्या दुकानदारासोबत बसा आणि एवढाच प्रश्न विचारा. सुरुवात तेथूनच होईल.